डब्यात पहिला फोन कोणाचा?



या पानावर आपण हरभऱ्यावरची घाटेअळी, जनावरांची लाळ-खुरकूत, बाळंतिणीचा आहार अशा गोष्टी वाचत असतो. आजचा विषय घरातला आहे. मोबाईल आणि टीव्ही यांना घरात किती जागा द्यावी आणि ती कोणी ठरवावी, याविषयी लिहायचे आहे. उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. ज्या चुकीबद्दल लिहितो आहे ती माझ्याच घरात घडली आणि घडवणाऱ्यांत मी पहिला होतो.

माझा नातू तेव्हा नऊ वर्षांचा, चौथीत होता. गेल्या वर्षी दिवाळीनंतर शाळेतून निरोप आला की, पोरगा फळ्यावरचे उतरवून घेत नाही, शेजारच्याच्या वहीत डोकावतो. मी त्याला बोललो. एक चापटही दिली, हे लपवीत नाही. पोरगा रडला, पण काही बोलला नाही. पुढे नाताळासाठी माझी मुलगी हैदराबादहून आली. सकाळी त्याला घेऊन ती शेतावर गेली आणि बांधावर उभी राहून म्हणाली, "त्या बाभळीवर भारद्वाज बसलाय बघ." पोराने विचारले, "कुठली बाभळ, आत्या?" बाभळ शंभर पावलांवर होती. भारद्वाज सोडाच, त्याला झाडच धड दिसत नव्हते.

मुलगी घरी आली आणि तिने आम्हा सर्वांना समोर बसवून विचारले, "घरात चार मोठी माणसे आहात. पोर डोळे बारीक करून बघते, हे एकाच्याही लक्षात आले नाही?" कोणी काय उत्तर देणार? संध्याकाळी मी ओसरीवर बाजारभाव आणि राजकारणाच्या चर्चा बघत असे. मुलगा आतल्या खोलीत क्रिकेट बघे. आमची मंडळी आणि सूनबाई स्वयंपाक करता करता मालिका बघत. पोर कोपऱ्यात त्याच्या आईच्या फोनवर. त्याच्या तोंडाकडे बघायला कोणाचे डोळे मोकळे होते?

जानेवारीत त्याला घेऊन आम्ही देगलूरहून संगारेड्डीच्या रस्त्याने हैदराबादला गेलो. आपल्या सीमाभागातली पुष्कळ माणसे दवाखान्यासाठी हैदराबादच गाठतात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले. दोन्ही डोळ्यांना मायनस अडीच नंबर निघाला. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. फोन डोळ्यांपासून किती अंतरावर धरतो? आणि दिवसा उजेडात बाहेर किती वेळ खेळतो? पहिल्याचे उत्तर त्यानेच हाताने दाखवले, वीतभर. दुसऱ्याचे उत्तर मला देता येईना. सात एकर उघड्या रानाचा धनी मी, आणि माझा नातू उन्हात किती वेळ असतो हे मला ठाऊक नव्हते.

हे डोळ्याचे दुखणे काय आहे ते थोडे समजून घेऊ. मुलाच्या वाढीबरोबर बुबुळामागचा डोळ्याचा गोळाही वाढतो. तो प्रमाणाबाहेर लांबट झाला की लांबच्या वस्तूचे चित्र आतल्या पडद्यावर न पडता अलीकडेच पडते. मग जवळचे स्वच्छ आणि लांबचे अंधुक दिसते. याचे खापर एकट्या फोनवर फोडणे बरोबर नाही. आईबापांना नंबर असेल तर मुलाला लागण्याचा संभव जास्त असतो, आणि पुस्तक नाकाला लावून तासन् तास वाचल्यानेही हे होते. पण जवळचे बघण्याचे तास फार वाढले आणि बाहेरच्या उजेडातले तास घटले, म्हणजे धोका वाढतो, हे जगभरच्या डॉक्टरांना आढळले आहे. म्हणूनच मुलाने रोज दोन तास तरी दिवसा उघड्यावर असावे, असा सल्ला आता देतात. चष्म्याने दिसते, पण लांबलेला डोळा पूर्वीसारखा होत नाही. नंबर लहानपणीच भराभर वाढत गेला, तर पुढे प्रौढपणी आतल्या पडद्यालाही धोका असतो. हैदराबादला 1987 साली डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी सुरू केलेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत मुलांच्या या नंबरावर खास काम चालते. संस्थेने तेलंगण आणि आंध्रातल्या खेडोपाडी छोटी दृष्टिकेंद्रेही उघडली आहेत. आपल्या मुलाने फळ्याजवळ जाऊन बसण्याचा हट्ट धरला, टीव्हीला नाक लावले, डोळे बारीक केले, तर चापट मारण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. मी उलटे केले.

वयाचा हिशेबही येथेच सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की, वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासाहून अधिक नको, त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स, दोन वर्षांखालच्या बाळांनाही फोन देऊ नका म्हणते. लांबच्या नातेवाइकांशी कधीमधी समोरासमोर बोलणे तेवढे चालेल. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी दोन तासांच्या आतच. फोन दाखवून घास भरवण्याची जी पद्धत पडली आहे, तिने बाळ गिळते खरे, पण पोट भरले की नाही याकडे त्याचे लक्ष राहत नाही. शिवाय त्या वेळात आई त्याच्याशी बोलत नाही, आणि बाळ बोलायला शिकते ते माणसाच्या तोंडाकडे बघून.

मुलीचे घर हैदराबादला ईसीआयएल चौरस्त्याच्या बाजूला आहे. शहराच्या बसवर ही पाटी पुष्कळांनी वाचली असेल. ईसीआयएल म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, 1967 साली निघालेला सरकारी कारखाना. त्या चौरस्त्यावर चहा घेताना मला लहानपणची एक गोष्ट आठवली, आणि मग सगळ्या दुखण्याचा उलगडा झाल्यासारखे वाटले.

1975 साली भारतात उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला. डॉ. विक्रम साराभाई यांनी तो मनात धरला होता. तो प्रत्यक्षात येण्याआधीच, 1971 च्या डिसेंबरात ते गेले. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेतला होता. 1 ऑगस्ट 1975 पासून 31 जुलै 1976 पर्यंत सहा राज्यांतील सुमारे 2,400 गावांत हे कार्यक्रम दिसले. आंध्र आणि कर्नाटक त्यांत होते. गावोगाव जे संच बसवले ते याच ईसीआयएलच्या कारखान्यात तयार झाले होते. गुलबर्गा, म्हणजे आताचा कलबुर्गी जिल्हा, त्या प्रयोगात होता आणि माझ्या मामांचे गाव त्याच जिल्ह्यात. त्या दिवाळीच्या सुटीत मी तिकडे होतो. शाळेच्या छपरावर कोंबड्यांच्या जाळीसारखी जाळी ताणलेली दहा फुटी थाळी होती आणि खाली खोक्यात संच. खोक्याला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो संध्याकाळी येऊन कुलूप काढी, आणि सारे गाव घोंगड्या घेऊन पटांगणात येऊन बसे.

सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास सर्वांसाठी, असा कार्यक्रम असे. पीक, जनावरे, आरोग्य, कुटुंब, थोडे नाचगाणे. आपल्या भाषेचा भाग संपून परक्या भाषेचा सुरू झाला तरी माणसे चित्रे बघत बसून राहत. सगळे छान होते असे नाही. संच बिघडे, वीज जाई, पुढच्या जागा पुरुष अडवीत आणि बायका मागे उभ्या राहत. काही कार्यक्रम इतके रटाळ असत की, मामा तेथेच घोरत. पण वेळ संपली की पडदा आपोआप काळा होई. मग कंदील घेऊन घरी जाताना मामा-मामी भांडत, की त्यांनी सांगितले तसे खत आपल्या रानात चालेल की नाही. बघणे सर्वांचे मिळून होते आणि बोलणेही सर्वांचे. पुढे 1977 मध्ये हैदराबादचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, हळूहळू घरोघरी संच आले, मग खोलीखोलीत आले, आणि आता प्रत्येकाच्या खिशात आले. कुलूप कोणी लावायचे हा प्रश्न तेव्हा सरकारने आणि उपग्रहाने सोडवला होता. आता तो आपल्या घराला सोडवायचा आहे, आणि आमच्या घरात तो कोणी हातीच घेतला नव्हता.

सांगली जिल्ह्यातील एका गावाने मात्र तो हाती घेतला. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, अभ्यास फोनवर चाले. शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातून फोन सुटेना. 2022 साली तेथील सरपंच विजय मोहिते आणि ग्रामपंचायतीने एक उपाय काढला. देवळावर भोंगा बसवला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की गावातले टीव्ही बंद, फोन बंद. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की मोकळीक. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचावे, बोलावे.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. पंचायतीने आधी गावातल्या महिलांना बोलावले. त्यांनी सरळ कबूल केले की, आम्हीही मालिका फार बघतो, बंद ठेवू. मग साऱ्या गावाचे ठरले. सुरुवातीला भोंगा वाजला तरी माणसे टीव्ही बंद करीत नसत. तेव्हा ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि गावकरी घरोघर फिरून सांगत. म्हणजे नियम पोरांवर लादला नाही, मोठ्यांनी आधी आपल्यावर घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना फोन वापरण्यावर बंदीच घालण्याचा ठराव केला. त्यामागची कळकळ मी समजू शकतो. पण माझ्या घरच्या अनुभवावरून सांगतो, बापाच्या हातात फोन आणि पोराला बंदी, हे औत फार दिवस ओढले जात नाही.

कारण हैदराबादहून परत आल्यावर मी आधी हेच केले होते. फोन काढून घेतला आणि कपाटात कोंडला. चार दिवस पोरगा रुसला, पाचव्या दिवशी शेजारच्या घरी जाऊन बसू लागला. आठवड्याने त्याच्या आईचा फोन कडब्याच्या गंजीत सापडला. मी ओरडलो तर म्हणाला, "आबा, तुम्ही जपमाळेच्या वेळी पण फोन बघता." हे खरे होते. घरात संध्याकाळची जपमाळ चाले तेव्हा माझा फोन मांडीखाली असे. तो थरथरला की एक डोळा तिकडे जाई. मला वाटे की कोणाला कळत नाही.

शेवटी सूनबाईंनी तोंड उघडले. म्हणाल्या, "मामा, राग मानू नका. पोराचा फोन राहू द्या, आधी तुमचा ठेवा. मग यांचा. मग मी माझा ठेवते." राग आलाच. रात्रभर आला. सकाळी पीठ चाळताना आमची मंडळीही हळूच म्हणाली की, सून बोलली ते बरोबर आहे. मग मी पिठाचा जुना स्टीलचा डबा धुऊन ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवला.

आमच्याकडे वेळ वडगावचीच घेतली, सात ते साडेआठ. आपल्या घरांत ही वेळ काही नवी नाही. संध्याकाळची घंटा झाली की हातातले काम ठेवून प्रार्थनेला उभे राहायचे, मग जपमाळ, मग सर्वांनी एका पंगतीला जेवायचे, हे आपल्या आजोबांनी पाळले. शेजारच्या हिंदू घरांतही दिवेलागणीला मुले हातपाय धुऊन बसत. त्या वेळेचा बांध आपणच नांगरून टाकला होता. जुन्या जागी बांध घालायला नव्या जागेपेक्षा कमी माती लागते.

पहिला आठवडा कठीण गेला, हे सांगितलेच पाहिजे. जपमाळ झाली, जेवण झाले, आणि पाच माणसे एकमेकांकडे बघत बसली. काय बोलावे हेच सुचेना. मुलगा दोनदा उठून गोठ्यात जाऊन आला. तिसऱ्या दिवशी पोराने विचारले की भारद्वाज अंडी कुठे घालतो, आणि त्यावर माझे आणि मुलाचे चांगले वाजले. तेव्हापासून बोलायला विषय कमी पडले नाहीत.

शेतकऱ्याच्या घरात फोन ही निव्वळ करमणूक नाही, तो अवजारही आहे. म्हणून नियमाला खिडकी ठेवावी लागते. ज्यांच्याकडे शेतीच्या विजेची पाळी रात्री येते आणि मोटर मोबाईल स्टार्टरवर चालते, त्यांना फोन बंद करून कसे चालेल? आम्ही बटणांचा जुना साधा फोन बाहेर ठेवतो. स्टार्टरचा नंबर त्यात घातला आहे, आणि हैदराबादच्या मुलीला सांगितले आहे की निकडीचे असेल तर त्यावर वाजव. वळवाच्या दिवसांत वीज पडण्याची भीती असते. पुण्याच्या संस्थेने काढलेले दामिनी ॲप आसपास वीज पडण्याची सूचना देते, तेव्हा आभाळ भरून आले की एक फोन डब्याबाहेर राहतो. मात्र तो ओसरीवर राहतो, हातात नाही. हवामानाचा सल्ला मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो सकाळी चहाच्या वेळी वाचला तरी पीक काही वाळत नाही. बाजार समितीचा लिलाव दिवसा होतो, रात्री नऊला भाव पुन्हा पुन्हा बघून तो बदलत नाही. हे मला कळायला साठी उलटावी लागली.

दोन गोष्टींना मात्र खिडकी नाही. ट्रॅक्टर चालवताना आणि मळणी यंत्रावर घास टाकताना फोन कानाला नाही. दुसरी, कोणी व्हिडिओ पाठवला म्हणून दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारायची नाहीत. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. औषधाच्या बाबतीत डब्यावरचे पत्रक आणि कृषी अधिकारी यांचेच ऐकावे.

झोपेबद्दलही सांगतो, कारण पहाटे पाचला उठणाऱ्यांना तिची किंमत जास्त. अंथरुणात डोळ्यांसमोर धरलेल्या उजेडाने शरीराला अजून दिवसच आहे असे वाटते आणि झोप आणणारा रस उशिरा सुटतो. त्यात बातमी भांडणाची असेल तर मन आणखी जागे राहते. आमच्या घरी चार्जर आता झोपण्याच्या खोलीत नाहीत, सगळे ओसरीवर आहेत. उठायला गजर पाहिजे ही सबब माझ्या मुलाने सांगितली. त्याला बाजारातून गजराचे घड्याळ आणून दिले.

सगळे सुरळीत झाले असे समजू नका. शनिवारी क्रिकेट असले की डबा लवकर उघडतो. पाहुणे आले की त्यांना फोन ठेवा म्हणायला सूनबाई संकोचतात. पोराची आवड सुटलेली नाही. शाळेतून आल्यावर अर्धा तास तो बघतो, तेवढी परवानगी आहे. पण तो आधी दप्तर टाकून माझ्याबरोबर रानात येतो. जनावरांना पाणी दाखवणे त्याच्याकडे दिले आहे. जुलैत पुन्हा हैदराबादला नेले, तेव्हा नंबर पावाने वाढला होता. मला वाईट वाटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात वाढतोच, थोडा वाढला हे चांगले, सहा महिन्यांनी पुन्हा आणा.

गेल्या पंधरवड्यात आमचे सोयाबीन घरात येऊन पडले होते आणि भाव रोज वरखाली होत होता. त्या दिवशी सात वाजले तेव्हा मी कोनाड्याशी उभा राहून म्हणालो, "एकच मिनिट थांब रे." पोरगा काही बोलला नाही. चष्मा नाकावर सारखा केला आणि दोन्ही हातांनी डबा माझ्यापुढे धरून उभा राहिला. मागे सूनबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी भाव न बघताच फोन डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितला, पन्नास रुपयांनी उतरला होता.